पेंटोथालची पाच मिनिटांची झोप

शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या रोग्याला भूलतज्ज्ञ सांगतात, "एकपासून आकडे मोजा." हाताच्या नीलेत सुई असते आणि सिरिंजमध्ये फिकट पिवळा द्रव. रोगी मोजू लागतो. काहींना मध्येच लसणासारखी चव जाणवते. तोंडाने काहीच घेतलेले नसते, ही चव आलेली असते रक्तामार्फत. मग एखादी जांभई, आणि मोजणे थांबते. औषध नीलेत शिरल्यापासून बहुधा अर्धे मिनिटही झालेले नसते.

हे औषध म्हणजे थायोपेंटोन सोडियम. पेंटोथाल या व्यापारी नावाने ते अधिक परिचित आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या नागपूरकरांची मोठी शस्त्रक्रिया झाली, मग ती 'मेडिकल'मध्ये असो की 'मेयो'त, त्यांतील फार मोठ्या संख्येची झोप याच औषधाने सुरू झाली असणार.

औषधशास्त्राच्या पुस्तकांत बार्बिट्यूरेट वर्गातील औषधांची विभागणी दीर्घकाल, मध्यमकाल, अल्पकाल आणि अत्यल्पकाल प्रभावी अशी केलेली असते. थायोपेंटोन शेवटच्या गटात बसते, कारण एकच मात्रा दिली आणि पुढे काही दिले नाही, तर रोगी पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो. एवढे वाचले की आपली सहज समजूत होते, की शरीर हे औषध पाच-दहा मिनिटांत नष्ट करत असले पाहिजे. ही समजूत चुकीची आहे. रोगी डोळे उघडतो त्या वेळी दिलेल्या औषधाचा बहुतेक सगळा भाग त्याच्या शरीरात जसाच्या तसा असतो. मग तो जागा कसा होतो? हा प्रश्न साधा दिसतो, पण औषध वापरात आल्यानंतर त्याचे पुरते उत्तर मिळायला सव्वीस वर्षे गेली. त्या काळात काही रोग्यांचे प्राणही गेले.

रुमालावरचे थेंब

इंजेक्शनने भूल देण्याआधी ती हुंगवावी लागे. ईथरची भूल १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जाहीरपणे दाखवली गेली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ती दिली गेली. १८४७ च्या अखेरीस एडिंबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरले. आपल्या देशात या दोघांपैकी क्लोरोफॉर्मने जम बसवला, त्याला एक कारण हवामानाचे होते. ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते, तर क्लोरोफॉर्म ६१ अंशांना. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. त्या हवेत ईथरची बाटली उघडली, तर रोग्याच्या नाकापर्यंत पोचण्याआधीच त्यातले बरेचसे खोलीत पसरणार, आणि ती वाफ पेटणारी. उत्कलनबिंदूचा धडा शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

तारेच्या सांगाड्यावर कापडाच्या घड्या घालून केलेला मुखवटा नाकातोंडावर धरायचा आणि वरून थेंब थेंब औषध सोडायचे, अशी ही पद्धत. रोगी गुदमरे, हातपाय झाडी. त्याला धरून ठेवायला माणसे लागत. गुंगी पुरती चढेपर्यंतची काही मिनिटे रोग्याच्या आयुष्यातील सर्वांत भयाण मिनिटे असत. शिवाय क्लोरोफॉर्मने, भूल उथळ असतानाच, एखाद्याचे हृदय अचानक थांबे. यावर हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली दोन चौकशी आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे तो टिकला नाही.

महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली, ती क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम बॅटरी व कंदिलाच्या उजेडात झाले. दिव्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण देशातील सर्वांत महत्त्वाच्या कैद्यासाठीही त्या काळी भुलीचा यापेक्षा सौम्य मार्ग उपलब्ध नव्हता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

एका अणूची अदलाबदल

सौम्य मार्ग ज्या संयुगातून निघाला ते तेव्हा साठ वर्षांचे झाले होते. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६४ साली बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. युरिया आणि मॅलॉनिक आम्ल यांच्या जोडणीतून बनणारे हे षट्कोनी वलय. त्याच्या नावातली बार्बारा कोण, याच्या बऱ्याच कथा आहेत. कोणी संत बार्बारा म्हणतात, कोणी बायरची मैत्रीण. मला त्यांतली एकही खात्रीची वाटत नाही. या आम्लाने स्वतःहून कोणालाही झोप येत नाही. एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी वलयातील एका कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन काढून तेथे दोन इथिल गट बसवले, आणि १९०३ साली व्हेरोनाल हे झोपेचे औषध जन्माला आले. १९१२ साली त्याचे भावंड फिनोबार्बिटोन आले. फिट्सच्या रोग्यांना दिली जाणारी गार्डिनालची गोळी ती हीच.

या गोळ्यांचा परिणाम सावकाश सुरू होई आणि तासन्‌तास टिके. शस्त्रक्रियेला त्यांचा उपयोग नव्हता. थेट नीलेत देता येईल आणि चटकन गुण दाखवील असे बार्बिट्यूरेट शोधण्याचे प्रयत्न मग अनेक ठिकाणी सुरू झाले. १९३२ साली जर्मनीत हेक्झोबार्बिटोन, म्हणजे एव्हिपान, वापरात आले. झोप झटपट लागे, पण स्नायू आचके देत.

अमेरिकेतील ॲबट कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट व्होलवायलर आणि डोनाली टॅबर्न या दोघांनी १९३० च्या सुमारास पेंटोबार्बिटोन तयार केले होते. ते तासन्‌तास झोपवणारे औषध. मग त्यांनी त्याच रेणूतला एक ऑक्सिजन अणू काढून त्या जागी गंधकाचा अणू बसवला. बाकी रेणू तोच. आवर्त सारणीत गंधक ऑक्सिजनच्या बरोबर खाली, त्याच गटात बसतो, त्यामुळे जोडणी तशीच राहते. पण गंधक आल्याने रेणू चरबीत कितीतरी सहज विरघळू लागतो. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि चेतापेशींची पटले मेदयुक्त असतात. जे चरबीत विरघळते त्याला तेथे जवळजवळ अडवणूक नसते. तासांचे औषध मिनिटांचे झाले ते या एका अणूमुळे. लसणाची चव येते, तिचेही कारण हेच. लसणाचा वास गंधकाच्याच संयुगांचा असतो.

विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांनी ८ मार्च १९३४ रोजी हे औषध प्रथम माणसाला दिले. जून महिन्यात मेयो क्लिनिकच्या जॉन लुंडी यांनी त्याचा वापर सुरू केला. (हे मेयो म्हणजे अमेरिकेतील रॉचेस्टरचे मेयो बंधू. नागपूरच्या जुन्या इस्पितळाला नाव मिळाले ते व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचे. कागदोपत्री त्याचे नाव बदलून कितीतरी वर्षे लोटली, तरी ऑटोरिक्षावाल्याला 'मेयो' म्हटल्याशिवाय कळत नाही.) वॉटर्स यांचे मत सावध होते. झोप छान लागते, पण वेदना फारशी शमत नाही, असे त्यांनी पाहिले. लुंडी अधिक उत्साही होते. औषधाचा प्रसार झपाट्याने झाला. मुखवटा नाही, गुदमरणे नाही, झटापट नाही. रोग्यांना ते आवडले यात नवल नव्हते. डॉक्टरांनाही ते सोपे वाटले, आणि घोटाळा तेथेच झाला.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी हवाई बेटावरील पर्ल हार्बरवर हल्ला केला. शेकडो जखमी एकाच दिवशी रुग्णालयांत आले. त्यांपैकी काहींना थायोपेंटोन दिले गेले आणि काही दगावले. १९४३ साली हॅलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी एका भूलशास्त्रीय नियतकालिकात या औषधावर इतकी जळजळीत टीका केली, की पुढे 'पर्ल हार्बरला बॉम्बपेक्षा पेंटोथालने जास्त माणसे मेली' अशी दंतकथाच तयार झाली. भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती पन्नास वर्षे सांगितली गेली. १९९५ साली एका ब्रिटिश भूलतज्ज्ञाने तेथील लष्करी रुग्णालयाच्या नोंदी तपासून दाखवले, की भुलीमुळे झालेले मृत्यू थोडे होते आणि दंतकथेला आधार नाही. तरीही दंतकथेत एक खरा दाणा होता. रक्तस्रावाने खचलेल्या रोग्याला नेहमीची मात्रा सहन होत नाही, हे डॉक्टरांना नीट ठाऊक नव्हते. का सहन होत नाही, हे तर कोणालाच सांगता येत नव्हते.

दुसरे एक कोडे शांततेच्या काळातले. त्या वर्षांत काही शल्यविशारद आखी शस्त्रक्रिया थायोपेंटोनवरच निभावत. रोगी हलू लागला की आणखी थोडे टोचायचे. पहिल्या मात्रेची झोप पाच मिनिटांची, दुसरीची जरा जास्त, आणि पाच-सहा मात्रांनंतर रोगी दुसऱ्या दिवशीपर्यंत डोळे उघडत नसे. औषध दर वेळी पाच-दहा मिनिटांत नष्ट होत असते, तर असे घडले नसते.

बर्डीतील गर्दी

न्यूयॉर्कमधील बर्नार्ड ब्रॉडी यांनी रक्तातील थायोपेंटोन मोजण्याची रीत बसवली आणि १९५० साली सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृत हे औषध तासाला फार तर दहा ते पंधरा टक्के या गतीने मोडते. म्हणजे पाच मिनिटांत जेमतेम एक टक्का. रोगी जागा होतो तो औषध मेंदूतून निघून शरीरात दुसरीकडे गेल्यामुळे. कुठे? ब्रॉडींना मेदात ते भरपूर सापडले, म्हणून त्यांनी उत्तर दिले: चरबीत.

हे उत्तर निम्मेच बरोबर होते. चरबी औषध साठवते खरी, पण तिच्यापर्यंत रक्त फारच थोडे पोचते, मग पहिल्या पाच मिनिटांत ती एवढे औषध ओढून कशी घेईल? १९६० साली हेन्री प्राइस यांनी प्रत्येक अवयवाचे वजन, त्याला मिळणारे रक्त आणि औषधाची विद्राव्यता ही तीन माहितींची गणिते मांडून दाखवले, की पहिला वाटा स्नायू घेतात, चरबीची पाळी तासांनंतर येते. सव्वीस वर्षे म्हटली ती १९३४ पासून येथपर्यंतची.

एक नागपुरी उदाहरण घेऊ. अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या रेल्वे स्थानकात गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतात. स्थानक म्हणजे रक्त असे समजा. स्थानकाला लागून असलेल्या सीताबर्डीत गर्दी सर्वांत आधी दाटते. बर्डी म्हणजे मेंदू. शरीराच्या वजनात त्याचा हिस्सा सुमारे दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पंधरा टक्के रक्त त्याला मिळते. पहिला लोंढा तेथेच जाणार. काही वेळाने बर्डीचा चौक मोकळा होतो. माणसे आपापल्या गावी परतली का? नाही. ती दीक्षाभूमीवर, इंदोऱ्यात, नातेवाइकांच्या घरी, शहरभर पांगली आहेत. हे शहर म्हणजे स्नायू. अगदी कडेच्या वस्त्यांत लोक पोचतात ते संध्याकाळपर्यंत, ती चरबी. आणि गावी नेणाऱ्या परतीच्या गाड्या म्हणजे यकृत. त्या मोजक्याच असतात, त्यामुळे शहर रिकामे व्हायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो.

आता याच उदाहरणात वरची दोन्ही कोडी घालून पाहा. एका गाडीने आलेली माणसे पांगली की बर्डी मोकळी होते. पण गाड्या येतच राहिल्या आणि शहर भरून गेले, तर नव्या माणसांना पांगायला जागाच उरत नाही आणि बर्डी तुंबलेली राहते. पुन्हापुन्हा टोचलेल्या रोग्याची दिवसभराची झोप ती हीच. रक्तस्राव झालेल्या रोग्याची अवस्था निराळी. रक्त कमी पडले की शरीर स्नायू आणि त्वचेकडचे रस्ते आवळते आणि उरलेले रक्त मेंदू व हृदयाकडे वळवते. म्हणजे शहराकडे जाणारे रस्ते बंद, फक्त बर्डीचा उघडा. नेहमीची मात्रा घातली, तर तिचा कितीतरी मोठा हिस्सा मेंदू आणि हृदयावर आदळतो. त्यात थायोपेंटोन स्वतः नीला सैल करते आणि हृदयाचा जोरही कमी करते. पर्ल हार्बरच्या जखमी सैनिकांचे जे झाले, ते उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांनी शोषून गेलेल्या रोग्याचेही होऊ शकते. म्हणून भुलीआधी सलाइन देऊन शरीरातील पाण्याची तूट भरून काढतात.

'अत्यल्पकाल प्रभावी' हे नाव मला त्यामुळे दिशाभूल करणारे वाटते. 'चटकन पांगणारे' म्हटले असते तर विद्यार्थ्यांना अधिक कळले असते. सकाळी छोटी शस्त्रक्रिया होऊन दुपारी ताजातवाना वाटणारा रोगी संध्याकाळी स्कूटर चालवू लागतो, त्याला डॉक्टर मनाई करतात, तेव्हा तो कुरकुरतो. त्याच्या रक्तातील औषध निम्म्यावर यायलाच दहा-बारा तास लागतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

साबण आणि लिंबू

थायोपेंटोनची पूड सीलबंद कुपीत येते. तिच्यात थोडे सोडियम कार्बोनेट मिसळलेले असते आणि वापरण्यापूर्वी ती पाण्यात विरघळवतात. द्रावण चांगलेच आम्लारिधर्मी असते. त्याचा सामू साडेदहाच्या आसपास असतो. असे का करावे लागते, ते वर्गात दाखवता येते. साबणाचा बारीक कीस पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि त्यात लिंबाचा रस पिळा. स्वच्छ द्रावण गढूळ होऊन पांढरे कण दिसू लागतात. साबण हे मेदाम्लाचे सोडियम क्षार, ते पाण्यात विरघळते. आम्ल मिळताच मूळ मेदाम्ल सुटे होते आणि ते विरघळत नाही. थायोपेंटोनचेही असेच आहे. सोडियम क्षाराच्या रूपात ते विरघळते, सामू खाली आला की अवक्षेप पडतो. म्हणूनच काही आम्लधर्मी स्नायुशिथिलक औषधे त्याच नळीतून त्यापाठोपाठ दिली, तर नळीत पांढरा साका धरतो.

नीलेत दिल्यास रक्ताचा प्रवाह त्याला झपाट्याने पातळ करत हृदयाकडे नेतो, त्यामुळे अडचण येत नाही. पण कोपरापाशी नीला आणि रोहिणी जवळजवळ असतात. सुई चुकून रोहिणीत गेली, तर औषध हृदयाऐवजी बोटांकडे जाते. रोहिण्या पुढे बारीक बारीक होत जातात, रक्ताचा सामू असतो ७.४, तेथे स्फटिक बनतात, वाहिनी आकसते, रक्त गोठते आणि बोटे काळी पडतात. सुरुवातीच्या काळात पाच टक्क्यांचे द्रावण वापरले जाई, त्यात असे अपघात झाले. अडीच टक्क्यांचे द्रावण रूढ झाले त्यामागे हे कारण आहे. भूलतज्ज्ञ आधी थोडेसेच औषध देऊन "हाताला आग होते का?" असे विचारतात, त्याचे कारणही हेच.

आपल्याकडे

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि भारतीय भूलतज्ज्ञांची संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. तोवर भूल देणे हे कोणीही हाताखालच्या डॉक्टराने करायचे काम समजले जाई. थायोपेंटोनने ही समजूत मोडायला मदत केली, असे म्हणता येईल. हे औषध देणे सोपे, पण दिल्यावर रोग्याचा श्वास मंदावतो, काही वेळ थांबतोही. प्राणवायू, फुगा आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचे कसब हाताशी नसेल, तर पुढची तीन-चार मिनिटे जीवघेणी ठरतात.

औषधाची खरी जागाही या काळात ठरली. १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे स्नायू सैल करणारे द्रव्य शस्त्रक्रियेत वापरले. मग कामाची वाटणी झाली. झोप लावायची ती थायोपेंटोनने, टिकवायची हुंगवलेल्या वायूंनी, स्नायू सैल करायचे क्युरारेने, वेदना शमवायची अफूवर्गीय औषधाने. चार जणांत काम वाटले की प्रत्येकाची मात्रा थोडी पुरते. सिझेरियनमध्येही थायोपेंटोनची एक मात्रा अनेक वर्षे चालली. औषध वारेतून बाळाकडे जाते, तरी बाळ रडत बाहेर येते, कारण ते बाहेर येईपर्यंत आईच्या रक्तातील औषध पांगलेले असते.

शस्त्रक्रियागाराबाहेरही या औषधाचा प्रवास झाला, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. पूर्ण झोपेच्या आधीची गुंगी थेंबाथेंबाने लांबवली, तर माणूस सैलपणे बोलू लागतो. यावरून 'सत्य वदवणारे औषध' असा बोलबाला झाला. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणात आरोपींच्या अशा नार्को चाचणीला मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० च्या निकालात संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, असे ठरवले. विज्ञानाच्या बाजूने पाहिले, तर अर्धवट गुंगीतील मेंदूचा विवेक ढिला पडतो. त्यामुळे तो खरे बोलतो असे नव्हे. तो सुचवलेले मान्य करतो, कल्पनाही सांगतो.

अमेरिकेत अनेक राज्यांनी देहदंडासाठी हेच औषध प्रचंड मात्रेत वापरले. तेथील एकमेव उत्पादक कंपनीने ते इटलीतील कारखान्यात करायचे ठरवले, तेव्हा देहदंडासाठी ते वापरले जाणार नाही अशी हमी इटलीने मागितली. हमी देणे अशक्य असल्याने जानेवारी २०११ मध्ये कंपनीने उत्पादनच थांबवले, आणि अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या हातूनही ते गेले. मग नेब्रास्का आणि साउथ डाकोटा येथील तुरुंगांनी ते मुंबईतील एका औषध व्यापारी कंपनीकडून मागवले. बातमी फुटल्यावर एप्रिल २०११ मध्ये त्या कंपनीने यापुढे या कामासाठी विक्री न करण्याचे जाहीर केले.

शस्त्रक्रियागारातील त्याची जागा तोवर बरीचशी दुसऱ्याने घेतली होती. १९८६ पासून वापरात आलेले प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध तसेच चटकन पांगते, शिवाय यकृत ते फार वेगाने मोडते. बर्डीही मोकळी आणि परतीच्या गाड्याही भरपूर. रोगी उठतो तो ताजा. आज नागपुरातही भूल बहुधा याच औषधाने सुरू होते. थायोपेंटोन मागे पडले, संपले मात्र नाही.

ते उरले आहे मुख्यतः अतिदक्षता विभागात. कोणत्याही औषधाने न थांबणाऱ्या फिट्स किंवा डोक्याला मार लागून मेंदूला आलेली सूज, अशा वेळी मेंदूचे काम जवळजवळ बंद ठेवून त्याला विसावा देण्यासाठी थायोपेंटोन तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस नीलेतून सोडतात. तेव्हा सगळे शहर भरून जाते. चरबीही भरते, यकृताची क्षमता संपते, आणि औषध बंद केल्यावरही रोगी कित्येक दिवस हालचाल करत नाही.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या ठरावांवरून संसदेने १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. मेंदूमृत्यू ठरवायचा तो चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. नागपुरात विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र काम करू लागल्यापासून असे दान आणि त्यासाठी रिकामे केलेले रस्ते विदर्भाला परिचित झाले आहेत. पण कायद्याच्या तपासणीची पहिली अट ही, की रोग्याची निश्चलता औषधामुळे आलेली नसावी. ज्याला थायोपेंटोन दिले आहे त्याच्या बुबुळांवर प्रकाश टाकून, श्वास पारखून काहीच ठरवता येत नाही. सहा तासांचे घड्याळ सुरूच करता येत नाही. नातेवाईक बाहेर बसलेले असतात आणि डॉक्टर एकच गोष्ट सांगू शकतात, थांबा. रक्तातील पातळी मोजायची सोय असेल तेथे ती मोजतात, आणि तेथेही एक पेच असतो. भरमसाट औषध साचले की यकृत त्यातील काही रेणूंचा गंधक काढून त्या जागी पुन्हा ऑक्सिजन बसवते. व्होलवायलर आणि टॅबर्न यांनी जेथून सुरुवात केली होती ते पेंटोबार्बिटोन त्यातून परत तयार होते, आणि ते थायोपेंटोनपेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून प्रयोगशाळेला एका औषधाची पातळी मोजून भागत नाही, दोन्हींची मोजावी लागते.